मन कोरडे असताना



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आपल्या धर्मग्रामातील आजारी आणि वृद्ध व्यक्तींना आम्ही घरी जाऊन ख्रिस्तशरीर देतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. अशाच एका शुक्रवारी मी एका घरी गेलो होतो. आजी चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. सून त्यांचे सर्व काही करते. खोली स्वच्छ होती, टेबलावर पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती मांडून ठेवली होती. आजींना ख्रिस्तशरीर दिले, आशीर्वाद दिला आणि मी निघालो. सून ओट्यापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "फादर, लोक म्हणतात मी पुण्यवान. पण सासूबाईंना भरवताना माझ्या मनात काहीच नसतं. प्रेम नाही, माया नाही. कधी कधी तर वाटतं, यातून मी कधी सुटेन? रात्री जपमाळ हातात घेते, तीही नुसती तोंडाने होते. मग हे सगळं ढोंगच ना?"

मी घड्याळाकडे पाहिले. अजून पाच घरे बाकी होती. "देव सगळं बघतो. प्रार्थना करत राहा," एवढे बोलून मी स्कूटर चालू केली.

पुढच्या वळणावर मलाच माझी लाज वाटली. 'तोंडाने प्रार्थना होते, मन नसते,' असे सांगणाऱ्या बाईला मी 'प्रार्थना करा' असा सल्ला दिला होता. शिवाय पाच मिनिटांपूर्वी त्या आजींच्या उशाशी प्रार्थना म्हणताना माझे मन तरी कुठे होते? ते पुढच्या घरी पोहोचले होते. तिचा प्रश्न माझाही होता. अनेक वर्षे मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूच्या मनातही असे कोरडे दिवस, कोरडे महिने येतात. अशा वेळी वेदीपुढे उभे राहणे हे ढोंग ठरते का?

हा प्रश्न तिच्या परवानगीनेच आज मी तुमच्यापुढे ठेवत आहे, कारण तो आपल्यापैकी पुष्कळांचा आहे, असे मला वाटते.

प्रभू येशूला ढोंगाची अतिशय चीड होती. परुश्यांना त्याने तोंडावर ढोंगी म्हटले. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत ढोंग्यासाठी जो शब्द आला आहे, त्याचा अर्थ होतो नट, म्हणजे रंगमंचावर सोंग वठवणारा. नटाला प्रेक्षक लागतात. लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करणारे, लोकांनी वाहवा करावी म्हणून दानधर्म करणारे, अशांना येशूने ढोंगी म्हटले. त्यांच्या मनात भक्तिभाव दाटून येत नाही, अशी त्याची तक्रार नव्हती. ते हे सारे कोणासाठी करतात, हा त्याचा प्रश्न होता. आता सांगा, रात्री दोन वाजता सासूची कूस बदलणाऱ्या सुनेला कोण प्रेक्षक असतो?

संत मत्तयच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायात, येशूने दोन मुलांचा दाखला दिला आहे. बापाने दोघांनाही मळ्यात कामाला जायला सांगितले. एकाने साफ नकार दिला, पण मागाहून त्याला पस्तावा झाला आणि तो गेला. दुसरा अगदी अदबीने हो म्हणाला, पण गेलाच नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, असे येशूने विचारले. मळ्यात गेलेला मुलगा काम करताना आनंदी होता की कुरकुरत होता, हे शुभवर्तमान सांगत नाही. तो गेला, एवढेच सांगते.

आपण प्रेमाला भावना समजतो, तिथेच गोंधळ होतो. संत थॉमस अक्विनास यांच्या शिकवणुकीनुसार प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. भावना आपल्या हुकमात नसतात. त्या येतात आणि जातात. इच्छा मात्र आपली असते. म्हणून तर विवाहाच्या दिवशी वेदीपुढे वधूवर 'आम्हांला रोज असेच वाटेल' असे वचन देत नाहीत. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात एकनिष्ठ राहू, असे वचन देतात. वचन कृतीचे देता येते, भावनेचे देता येत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूलाही तो प्याला नको होता. तसे त्याने पित्याला स्पष्ट सांगितले आणि तरीही पित्याच्या इच्छेला होकार दिला. त्या होकाराला आपण ढोंग म्हणू का?

मदर तेरेसांच्या बाबतीत हाच प्रश्न जगभर विचारला गेला. १९९७ साली त्यांचे निधन झाले आणि दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खाजगी पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ही पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. कोलकात्यात गोरगरिबांची सेवा सुरू केल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे, मधला एक अल्प काळ सोडला, तर त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, असे त्या पत्रांतून उघड झाले. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. हसतमुखाने देवाविषयी बोलणारी ही बाई आतून रिकामी होती, मग तिने जगाला फसवले का, असेही काहींनी विचारले.

या पत्रांचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. १९६१ च्या सुमारास मदर तेरेसांनी आपल्या मनातला अंधार ज्यांच्याजवळ उघड केला, ते येशूसंघी फादर जोसेफ नॉयनर पुण्यात ईशज्ञान शिकवत असत. मूळचे ऑस्ट्रियाचे, पण त्यांनी पुण्यातच पुष्कळ वर्षे घालवली आणि २००९ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांनी मदरना जे सांगितले त्याचा सारांश असा : हा अंधार तुमच्या एखाद्या अपराधामुळे आलेला नाही. यावर माणसाजवळ इलाज नाही. पण देवासाठी तुमचा जीव एवढा तळमळतो, हीच तो गुप्तपणे तुमच्याजवळ असल्याची खूण आहे. त्यानंतरही अंधार गेला नाही. पण मदर त्या अंधाराला देवाच्या कार्याचाच एक भाग म्हणून स्वीकारू लागल्या. ४ सप्टेंबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. ही पत्रे ख्रिस्तसभेने लपवली नाहीत. उलट त्यांना संतपद देण्यासाठी जे काम चालले होते, त्यातूनच ती पुढे आली.

आता आम्हा धर्मगुरूंविषयी. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनॅटिस्ट पंथाचे लोक म्हणत असत की, अपात्र धर्मगुरूने दिलेले संस्कार खरे नव्हेत. संत ऑगस्टीन यांनी त्यांना उत्तर दिले की, बाप्तिस्मा कोणाच्याही हातून होवो, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच असतो. त्यांनी एक उदाहरण दिले, ते आपल्या वसईच्या बागायतदारांना लगेच पटेल. दगडी पाटातून पाणी वाडीला जाते. पाटात काही उगवत नाही, वाडी मात्र फुलते. आपल्याकडे रहाट होते, तेव्हाचे पाट जुन्या मंडळींना आठवत असतील. माझे मन कोरडे असले तरी माझ्या हातून त्या आजींना मिळालेला ख्रिस्त कोरडा नव्हता, हा मला केवढा दिलासा आहे!

पण या दिलाशाच्या आड मला लपता येणार नाही. संत ऑगस्टीन यांनी वाईट सेवकाचे समर्थन केले नाही. वाडीला पाणी मिळाले म्हणून धर्मगुरू जबाबदारीतून सुटत नाही. त्या दिवशी माझी चूक झाली, ती माझे मन कोरडे होते यात नव्हे. मी तिचे ऐकून घेतले नाही आणि माझ्याजवळ नसलेले उत्तर असल्यासारखे बोललो, ती माझी चूक. मयताच्या घरीही आम्ही पुष्कळदा असेच करतो. तरुण मुलगा गेलेल्या आईला 'देवाची इच्छा' असे सांगून मोकळे होतो. देवाची इच्छा काय होती, हे आम्हांला कोणी सांगितले? तिथे गप्प बसून तिचे रडणे ऐकणे अधिक खरे ठरले असते. भावना नसताना कर्तव्य करणे हे ढोंग नव्हे, ती निष्ठा आहे. नसलेली भावना आणि नसलेली खात्री दाखवणे, हे मात्र ढोंग आहे. बंधुभगिनींनो, या दोहोंत गल्लत करू नका.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मनाचा प्रत्येक कोरडेपणा मदर तेरेसांच्या अंधारासारखा नसतो. कधी तो निव्वळ थकवा असतो. चार वर्षे रात्रीची पुरेशी झोप न मिळालेल्या माणसाला उपदेशाची नव्हे, विश्रांतीची गरज असते. कधी तो आजार असतो आणि तिथे डॉक्टरांचा सल्ला घेण्यात श्रद्धेची कमतरता मानू नये.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी मी त्या घरी सर्वांत शेवटी गेलो, म्हणजे घाई राहणार नाही. आजींना ख्रिस्तशरीर दिल्यावर ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, त्याचं मी उत्तरच दिलं नाही. खरं सांगायचं तर माझीही प्रार्थना पुष्कळदा नुसती तोंडाने होते." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फादर, हे मागच्या वेळीच सांगायचं होतं ना!" आणि चहा टाकायला आत गेली.

चहा घेताना कळले की, गेले सात महिने तिला रविवारच्या मिस्साला येता आलेले नाही. सासूबाईंजवळ बसायला कोणी नसते. चार वर्षे आम्ही सारे तिला पुण्यवान म्हणत होतो, पण एक तास मोकळा करून द्यायला कोणी गेले नव्हते. मीही त्यात आलोच.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या विभागात अशी घरे कोणती आहेत, ते पाहा. एकजण सकाळच्या मिस्साला आला, तर दुसऱ्याने त्या वेळी आजाऱ्याजवळ बसावे आणि स्वतः संध्याकाळच्या मिस्साला यावे. ज्यांना हे जमेल, त्यांनी आपली नावे चर्चच्या कार्यालयात द्यावीत. तिथे बसताना तुमच्या मनात फार मोठी माया दाटून आली नाही, तरी बिघडत नाही. फक्त वेळेवर जा.

प्रभू आपणां सर्वांना, विशेषतः आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना, आशीर्वाद देवो.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू