भिंतीवर कुणाचे दुःख टांगावे?

धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरात पहिले काम केले ते भिंती मोकळ्या करण्याचे. देवादिकांच्या तसबिरी उतरल्या आणि त्या जागी तथागत व परमपूज्य बाबासाहेब आले. म्हणूनच बौद्धाच्या घरातील भिंत ही नुसती दगड-विटांची नसते. त्या घरातील माणसे काय मानतात, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. मग भिंतीवर उरलेल्या जागी काय लावावे, हा प्रश्न क्षुल्लक कसा म्हणता येईल?

कर्जत तालुक्यातील मिरजगाव येथे, नुकतीच दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबाच्या नव्या घरी बुद्धवंदनेसाठी जाण्याचा योग आला. पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाने बैठकीच्या खोलीत जगातील युद्धांची काळी-पांढरी छायाचित्रे सुबक चौकटींत बसवून लावली होती. त्यांतच ते जगप्रसिद्ध छायाचित्र होते. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधील त्रांग बांग गावाजवळ ते टिपले गेले. नापाम बॉम्बच्या आगीत अंगावरचे कपडे जळून गेलेली नऊ वर्षांची मुलगी किंचाळत रस्त्याने धावते आहे. पाहुणे म्हणत होते, "भिंत छान सजली." घरातील आजी मात्र त्या चित्राकडे पाठ करून बसल्या होत्या. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्या लेकराला कुणी पांघरूण का घालीना?"

आजींना व्हिएतनाम ठाऊक नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न धम्माचाच होता.

मुलाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणाला, "काका, युद्ध किती वाईट असते हे रोज डोळ्यांपुढे राहावे म्हणून लावले. दुःख झाकून ठेवणे हा धम्म आहे काय?" हे म्हणणे पोकळ नाही. पहिले आर्यसत्य दुःखाचेच आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या तंट्यात दाखविले आहे. शाक्यसंघाच्या सभेत सिद्धार्थ युद्धाच्या विरुद्ध उभा राहिला. तेव्हा युद्धाकडे डोळेझाक करणारा बौद्ध नव्हेच. आणि ते छायाचित्र वर्तमानपत्रांत आले तेव्हा त्याने जगाला युद्धाचे खरे रूप दाखविले, हेही खरे.

परंतु वर्तमानपत्रातील चित्र वाचकाला जाब विचारते. बैठकीतील चित्र शोभेची वस्तू होते. पहिल्या दिवशी अंगावर काटा येतो. आठ दिवसांनी आपण त्याच्या काचेवरची धूळ पुसतो. महिन्याने त्याच चित्राखाली चहा पीत हसतो. दुःख रोज पाहिल्याने करुणा वाढतेच असे नाही, सवयीने ती बोथटही होते. आणि त्या मुलीचे काय? फान थी किम फुक जगली, पुढे कॅनडात स्थायिक झाली आणि युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी काम करू लागली. त्या चित्राची आपल्याला लाज वाटत असे, हे तिने स्वतः सांगितले आहे. आपल्या पूर्वजांची विटंबनाही लोकांनी तमाशा म्हणून पाहिली होती. ती जखम ज्यांनी सोसली, त्यांनी दुसऱ्याच्या विटंबनेने घर सजवावे काय?

सम्राट अशोकाचे उदाहरण घ्या. कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली गेली, ही कबुली त्याने तेराव्या शिलालेखात पश्चात्तापाने दिली. परंतु खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, हा लेख कोरलेला नाही. तेथे त्याऐवजी, सर्व माणसे मला लेकरांसारखी आहेत, असे सांगणारे वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांच्याच डोळ्यांपुढे मरणाचे आकडे मांडले नाहीत, यात मला तरी करुणा दिसते.

कुणी विचारील, मग आमच्या सैनिक आजोबांचा फोटोही उतरवायचा काय? मुळीच नाही. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या गणवेशातील आजोबांचा फोटो अनेक घरांत आहे. तो अवश्य असावा. त्यात एका माणसाचे नाव आहे, मान आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या भीमा कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली, त्यावरही लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांची प्रेते नाहीत. स्मरण आणि शोभा यांतील फरक तो हाच.

म्हणून उपासक-उपासिकांनी एक साधी कसोटी लावावी. चित्रातील माणूस, किंवा त्याची आई, उद्या आपल्या दारी आली, तर तिला त्या चित्राखाली बसवून पाणी देता येईल काय? देता येत असेल तर चित्र खुशाल लावा. येत नसेल तर उतरवून जपून ठेवा. ६ ऑगस्टला, हिरोशिमाच्या स्मृतिदिनी, ते बाहेर काढा, मुलांना जवळ बसवा आणि त्या मुलीचे नाव व तिची हकिकत सांगा. तेव्हा ते चित्र आपले खरे काम करील.

मिरजगावच्या त्या मुलाने चित्र लगेच उतरविले नाही. "विचार करतो," म्हणाला. तेही योग्यच. तथागतांनी धम्म कुणावर लादला नाही. या, पाहा आणि पटले तर घ्या, असेच सांगितले. मात्र विचार करताना त्याने आजींचा प्रश्न विसरू नये, एवढीच विनंती.

जयभीम!