प्रमाण कोणाचे?

'प्रमाणपत्र' हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्यातले 'प्रमाण' कानांवरून निघून जाते. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. हा आप्त नातलग नव्हे. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो ठाऊक आहे तेच बोलतो, तो आप्त. या कसोटीवर आम्हांला एक व्यवहारातला, पण मुळात नैतिक असलेला प्रश्न घासून पाहावासा वाटतो. नाटक, गणेशोत्सव, जत्रा, ऑर्केस्ट्रा यांच्या मंचावर सुपारी घेऊन दिवे टांगणाऱ्या आणि आवाजाची यंत्रणा जोडणाऱ्या स्वतंत्र तंत्रज्ञाकडे कागद मागावा काय? मागायचा, तर कोणता?

आपल्याकडचा लाइटवाला किंवा साउंडवाला कोणाच्याही पटावर नसतो. आज निपाणी, उद्या संकेश्वर, परवा गडहिंग्लज, असा त्याचा टेम्पो फिरतो. त्याची ओळख एकाच वाक्यात दिली जाते: 'अमक्याच्या हाताखाली तयार झालेला आहे.' या वाक्याला आम्ही कमी लेखत नाही. तेही आप्तवचनच आहे, आणि पुष्कळदा छापील कागदाहून खरे असते. त्याची मर्यादा एवढीच की ते ओळखीच्या वर्तुळात चालते. मंचासमोर सतरंजीवर बसलेल्या बाईला ना तो माहीत, ना त्याचा उस्ताद. तिच्या डोक्यावर टांगलेल्या लोखंडाविषयी तिला कोणी विचारलेले नसते. प्रश्न नैतिक होतो तो इथे.

'बारा वर्षे करतोय, काही झाले नाही' असे उत्तर मिळते. नैयायिक याला अनुमान म्हणणार नाही. काही न घडणे हे कौशल्याचे जसे लक्षण असू शकते, तसेच निव्वळ नशिबाचेही. दोहोंतले कोणते, हे त्या वाक्यातून कळत नाही. हिशेबातून मात्र कळते. हजार वॅटचे बारा दिवे एकदम लागले की 230 व्होल्टला सुमारे 52 अँपिअर प्रवाह ओढला जातो. तो कोणत्या केबलने आणायचा, जनरेटरच्या तीन फेजांवर कसा वाटायचा, न्यूट्रल सुटला तर काय जळेल, 30 मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर कोठे बसवायचा, हे ज्याला सांगता येते त्याच्या बारा वर्षांना अर्थ आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम आम्हांला सर्वांत उपयोगी वाटतो तो यासाठी. त्याला उंचीवर पट्टा बांधून काम करण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण जोडावे. विजेचा धक्का बसलेल्याची छाती दाबण्याइतका वेळच तेव्हा हाती असतो.

कायद्याने हे पूर्वीच ओळखले होते. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनीच जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमतेचा दाखला असलेल्याच्या देखरेखीखाली व्हावे असे सांगितले. हे परवाने ज्या त्या राज्याचे. आमच्या सीमाभागात त्याची गंमत अशी, की निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीत माळा लावून तिथल्या स्नेहसंमेलनाला गेलेल्या पोराचे राज्य बदलते. कागदाच्या भाषेवरून आपल्या घराण्यांनी दोन पिढ्या वाद घातला. अर्थिंगची तार मात्र दोन्हीकडे जमिनीतच पुरावी लागते.

कागद असला म्हणजे झाले, असेही नाही. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसे गेली. त्या सकाळी तिथल्या ट्रान्स्फॉर्मरची दुरुस्ती करणारे वीजमंडळाचेच कर्मचारी होते. केबलचे टोक योग्य यंत्राने न दाबता हातोडीने ठोकून बसवल्याचे न्यायालयासमोर आले. अधिकार होता, काम आप्ताचे नव्हते. म्हणून आम्हांला मुदत असलेला दाखला अधिक विश्वासार्ह वाटतो. अमेरिकेत मंचावर भार टांगणाऱ्या रिगरांसाठी 2005 पासून स्वतंत्र परीक्षा आहे, आणि तो दाखला दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावा लागतो. ज्ञान शिळे होते, हे त्या व्यवस्थेने मान्य केले आहे.

याउलट ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे दाखले. त्यांतले काही खरोखर चांगले आहेत. संगणकी जाळ्यावरून आवाज नेणाऱ्या 'डान्टे' पद्धतीचे प्रशिक्षण तर ती कंपनी विनामूल्य देते. तरुणांनी ते अवश्य घ्यावे, मोठ्या सुपाऱ्या त्याने मिळतात. पण त्या कागदाचा आप्त विक्रेताही असतो, हे विसरू नये. यंत्र येते एवढेच तो सांगतो. यंत्राखाली बसलेल्यांविषयी तो काही बोलत नाही.

आता उरतो न्यायाचा प्रश्न, आणि तो आम्हांला सर्वांत अवघड वाटतो. कागद सक्तीचा केला की पहिला बाहेर फेकला जाईल तो सातवीत शाळा सुटलेला, पण केबल हातात घेताच तिचा दोष ओळखणारा माणूस. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'पूर्वीच्या शिक्षणाची दखल' घेण्याची वाट आहे: वर्गात न बसता शिकलेल्याची परीक्षा घेऊन दाखला देणे. कल्पना रास्त आहे. मात्र परीक्षा त्याला समजणाऱ्या भाषेत, खऱ्या दिव्यावर आणि खऱ्या तारेवर व्हावी, आणि त्या दिवशीचा बुडालेला रोज कोणी तरी द्यावा.

तो कोणी द्यावा? कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी, 1915 मध्ये, उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेले, तेव्हा निपाणीतल्या कित्येक घरांत कोणी आपले गेल्यासारखे वाटले. त्या आगीच्या कारणांत आम्ही शिरत नाही. पण रंगभूमीवरचे हे प्रेम आमच्या मंडळांच्या जमाखर्चात दिसत नाही. तिथे हार, नारळ, मानधन, चहापाणी यांची खाती असतात आणि 'लाइट व माइक' या ओळीत सर्वांत स्वस्त दरपत्रक शोधले जाते. आम्ही सुचवतो की त्या ओळीखाली दोन रकाने वाढवावेत, एक परवाना क्रमांकाचा आणि एक ब्रेकरचा. आणि ज्याच्याकडे परवाना नाही, पण हात आहे, त्याच्या परीक्षेची फी आणि रोज त्या वर्षीच्या वर्गणीतून द्यावा.