शिष्याचे नाव

‘द पेपर चेस’ हा १९७३ सालचा अमेरिकन चित्रपट नुकताच आम्ही काही मित्रमंडळींनी एकत्र बसून पाहिला. हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातील पहिल्या वर्षाची ही कथा. जॉन जे ऑस्बॉर्न यांनी आपल्या कादंबरीत ती सांगितली आणि जेम्स ब्रिजेस यांनी तिचा चित्रपट केला. मिनेसोटातून आलेला हार्ट नावाचा विद्यार्थी, करार-कायदा शिकविणारे प्रोफेसर किंग्जफील्ड, आणि पुढे त्याच प्रोफेसरांची कन्या निघणारी एक युवती, एवढाच पसारा. प्रेमकथेविषयी आम्ही काही लिहिणार नाही. ती नसती तरी चित्रपटाचे फारसे बिघडले नसते. किंग्जफील्डांची भूमिका जॉन हाउसमन यांनी केली आणि तीबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हाउसमन स्वतः न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत नाट्यशिक्षण विभागाचे प्रमुख होते, हे कळल्यावर त्यांच्या भुवईच्या एका हालचालीने वर्ग कसा गारठतो याचे आश्चर्य उरत नाही.

चित्रपट संपल्यावर मतभेद झाला तो एका लहानशा प्रसंगावरून. वर्ष संपत आले आहे. हार्ट लिफ्टमध्ये किंग्जफील्डांना गाठतो आणि तुमच्या वर्गाचे माझ्या आयुष्यात केवढे मोल आहे, हे मोठ्या धीराने सांगतो. प्रोफेसर शांतपणे विचारतात, तुमचे नाव काय? वर्षभर ज्याला उभे करून करून प्रश्न विचारले, त्याचे नाव! आमच्यातील एका शाळामास्तरांना हा प्रश्न असह्य झाला. त्यांच्या मते हे निखालस क्रौर्य होते. नाव ठाऊक असूनही ते विचारले गेले. एका निवृत्त वकिलांचे म्हणणे असे की, त्यांना नाव खरोखरच ठाऊक नव्हते आणि हेच अधिक भयंकर. तिसरे मत कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणीचे होते आणि तेच आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगे वाटले. ती म्हणाली, “नाव न जाणणे हाच त्यांचा न्याय आहे. वशिला, जिव्हाळा, आपला-परका असे काही त्या वर्गात चालत नाही. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात ती उगीच नव्हे.”

ही बाजू टाकाऊ नाही. आम्ही सरकारी कचेरीत नोकरी करतो. अर्जदार ओळखीचा असला की कागद कसा पुढे सरकतो हे आम्हांस पुरेपूर ठाऊक असल्याने अनोळखीपणाचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. तथापि त्या तरुणीच्या युक्तिवादात दोन निराळी कामे एकत्र झाली आहेत, असे आम्हांस वाटते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने नाव पाहू नये हे उघड आहे. पण शिकविणाऱ्याला ही सवलत कशी मिळावी? किंग्जफील्डांपुढे वर्गाचा तक्ता असतो, त्यावर प्रत्येकाचे नाव आणि छायाचित्र असते, आणि त्यावर बोट ठेवून ते एकेकाला उठवितात. भर वर्गात कोणाचे अज्ञान उघडे करायचे तेव्हा नाव लागते, आणि तो आभार मानावयास आला की नाव आठवत नाही, ही निःपक्षपाती वृत्ती कशी म्हणावी? डोळ्यांवरील ही पट्टी सोयीने वर-खाली होणारी आहे.

आता त्या पद्धतीविषयी. प्राध्यापकाने व्याख्यान द्यावयाचे नाही. विद्यार्थ्याने निवाडा वाचून यावे आणि प्रश्नांच्या माऱ्याखाली त्यातील तत्त्व स्वतःच उकलावे, हा पायंडा १८७० साली हार्वर्डचे डीन झालेल्या लँग्डेल यांनी घातला. पहिल्याच दिवशी हार्टवर जो निवाडा येऊन आदळतो तो ‘हॉकिन्स विरुद्ध मॅगी’ हा न्यू हॅम्पशायरचा, १९२९ सालचा. विजेच्या तारेने हात भाजलेल्या एका मुलाला डॉक्टराने शंभर टक्के चांगला हात करून देण्याची हमी दिली, छातीची कातडी तळहातावर लावली, आणि पुढे त्या तळहातावर केस उगवले! नुकसान मोजावे कसे? न्यायालयाने सांगितले की, आधीचा हात आणि आताचा हात यांची तुलना करू नका; कबूल केलेला हात आणि प्रत्यक्ष मिळालेला हात यांतील अंतर मोजा.

बिचाऱ्या हार्टने हा निवाडा वाचलेलाच नसतो. वर्ग सुटल्यावर तो ओकतो. परंतु गंमत अशी की, किंग्जफील्डांची कैफियत मांडणारे प्रेक्षक नेमके हेच तत्त्व विसरतात. मुलगा येताना कच्चा होता, जाताना वकिलासारखा विचार करू लागला, मग तक्रार कसली, असे ते विचारतात. ही आधीच्या आणि नंतरच्या हाताची तुलना झाली. कबूल काय केले होते? तल्लख बुद्धी, एवढेच ना? त्यासोबत जे भय आले, मित्रामित्रांत टिपणांच्या कागदांवरून जे वैर पेटले, ते कबूल केल्याचे आम्हांस चित्रपटात कोठे आढळले नाही. ते तळहातावरचे केस होत.

शिवाय या खटल्यातील साक्षीदार कोण, हेही पाहिले पाहिजे. कठोर गुरूच्या बाजूने जो बोलतो तो बहुधा उत्तीर्ण झालेला असतो. त्याच चित्रपटात आणखी एक विद्यार्थी आहे. वाचलेले अक्षरन् अक्षर त्याच्या स्मरणात राहते; पण पृथक्करण जमत नाही, म्हणून ते स्मरण या वर्गात कवडीमोलाचे ठरते. विवाहित, मनाने भला असा हा मुलगा अखेर आत्महत्येचा प्रयत्न करतो. किंग्जफील्डांना हार्टचे नाव आठवले नाही म्हणून तासभर संतापलेल्या आमच्या मंडळींना आम्ही या मुलाचे नाव विचारले. कोणालाच सांगता आले नाही. आम्हांसही आठवेना, दुसऱ्या दिवशी चित्रपट पुन्हा लावून पाहावा लागला. त्याचे नाव ब्रूक्स.

हे आम्ही दुसऱ्यांना हिणविण्यासाठी लिहीत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्हांसही एक असे गुरू भेटले होते. आमचा मसुदा हाती धरून ते तो साऱ्या सेक्शनला ऐकू जाईल असा वाचीत, प्रत्येक चुकीपाशी थांबत, आणि लोक हसून झाले की पुढे वाचीत. एक मसुदा सात वेळा परत आला. आज आमचे मसुदे सहसा परत येत नाहीत, आणि त्या गृहस्थांविषयी विचारले असता “कडक, पण शिकवून गेले” असे आम्हीच कित्येकदा सांगितले आहे. आमच्याबरोबर त्याच दिवशी रुजू झालेला एक मुलगा चौथ्या महिन्यात राजीनामा देऊन गेला. त्याचे मत कोणी विचारले नाही. विचारावयास तो तेथे होताच कोठे? आणि गेल्या पावसाळ्यात नव्याने आलेल्या एका मुलीची टिप्पणी हातात घेऊन आमचाही आवाज साऱ्या खोलीत ऐकू जाईल एवढा चढला. तिसऱ्या ओळीवर कोणीतरी हसले, तेव्हा कोठे आम्ही थांबलो. टिप्पणी खरोखरच वाईट होती. ती दुरुस्त करण्यास दोन खुर्च्या आणि दहा मिनिटे पुरली, हे नंतर कळले.

कठोरपणा नकोच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. किंग्जफील्ड एका प्रसंगी हार्टच्या हाती नाणे ठेवून, आईला फोन करून तुझे काही खरे नाही असे कळव, असे सुनावतात. हार्ट भर वर्गात त्यांना शिवी देतो. प्रोफेसर ती शिवी म्हणजे त्याचे त्या दिवसाचे सर्वांत बुद्धिमान बोलणे ठरवितात आणि त्याला परत जागेवर बसावयास सांगतात. साऱ्या चित्रपटात या दोघांची खरी भेट होते ती एवढीच. तेथे गुरूला उलट ऐकून घेण्याची ताकद आहे. नाणे देणाऱ्या प्रत्येकात ती असतेच असे नाही.

शेवटी निकालाचा लिफाफा येतो. हार्ट तो न फोडताच त्याचे विमान करतो आणि समुद्रावर सोडून देतो. आमचे वकील मित्र याला फलाशेचा त्याग म्हणाले. आम्ही त्यांस नम्रपणे सुचविले की, लिफाफा फोडला नाही म्हणून जावक नोंदवहीतील नोंद खोडली जात नाही. हार्टला त्र्याण्णव गुण पडल्याचे दिग्दर्शकाने आपल्याला आधीच दाखवून ठेवले आहे, आणि म्हणूनच ते विमान आपल्या डोळ्यांना इतके सुंदर दिसते. एकोणतीस पडले असते तर? वकील थोडा वेळ गप्प बसले. मग हसून म्हणाले, “आमचा एल्‌एल. बी. चा निकाल लागला तेव्हा आम्ही तो तीन वेळा वाचला होता. चौथ्यांदा आईने वाचून घेतला.”