तळे राखील तो…

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

२०२३ साली जून-जुलैमध्ये अमेरिकेतील एका लहान धर्मग्रामात आम्ही सेवेसाठी होतो. तेथील धर्मगुरू रजेवर गेले होते. एका शनिवारी मिस्सेनंतर गायनवृंदातील दोन तरुणांनी विचारले, "फादर, डिस्क गोल्फ खेळायला येता का?"

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, अशी आमची समजूत. हा खेळ मात्र निराळा निघाला. काठी नाही, चेंडू नाही. लहान ताटलीएवढी प्लास्टिकची चकती हाताने भिरकवायची आणि दूरच्या खांबाला लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. टोपलीवर साखळ्या लोंबत असतात; त्यांना आपटून चकती खाली पडते. ज्याला सर्वांत कमी फेकींत जमेल तो जिंकला. १९७५ साली एड हेड्रिक ह्या गृहस्थांनी लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात ह्या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांच्या टोपलीची कल्पनाही त्यांचीच. तिकडे बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि खेळायला सहसा पैसे पडत नाहीत.

आम्ही गेलो ते मैदान नऊच टोपल्यांचे, आखूड आणि सगळे झाडीतले. पहिली टोपली साठ-सत्तर मीटरवर. मनात म्हटले, हे तर सोपे! जोर लावून चकती फेकली. ती दहा पावलांवरच्या झाडाला ठक्कन आपटली आणि आमच्या मागे येऊन पडली. पोरे हसली, आम्हीही हसलो. झाडीत ताकदीचा उपयोग नाही. दोन खोडांमधली वाट हेरून सरळ फेकावे लागते. फांदी आड आली म्हणून मोडायची नाही. सोबत पंच नसतो, आपल्या फेकी प्रामाणिकपणे आपणच मोजायच्या. चकती झुडपात हरवली तर शोधायला तीन मिनिटे मिळतात, आणि मदत मागितली तर सोबतच्या सर्व खेळाडूंनी शोधलेच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनीसुद्धा! आम्हाला हरवलेल्या मेंढराचा दाखला आठवला.

पाचव्या टोपलीपाशी एक वृद्ध गृहस्थ फावडे घेऊन उभे होते. गुडघ्याला पट्टा बांधलेला. पूर्वी पावसानंतर त्या वाटेवर घोटाभर चिखल होत असे. त्यांनी आणि आणखी चार-पाच जणांनी ढकलगाड्यांनी लाकडाचा चुरा आणून वाटेवर पसरला. उतारावर ओंडके आडवे पुरून पायऱ्या केल्या, ओहोळावर फळ्यांचा साकव घातला. काटेरी झुडपे आणि वाळकी लाकडे काढली, पण मोठे झाड एकही तोडले नाही. सारे काम शनिवारी-शनिवारी, विनामोबदला. आम्ही विचारले, "आपण खेळत नाही?" ते म्हणाले, "गुडघे साथ देत नाहीत. पण ही पायरी माझी आहे, फादर."

बंधुभगिनींनो, ते वाक्य आमच्या मनात रुतून बसले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार वाचला होता: जे पुष्कळांचे असते त्याची निगा सर्वांत कमी राखली जाते. अनुभव तसाच आहे. मग हे सर्वांचे रान इतके नीटनेटके कसे? कारण तेथे कोणीतरी घाम गाळला होता. 'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. पण तळे राखणारा नुसते पाणी चाखत नाही, त्याचा तळ्यावर जीव जडतो.

आता आमची कबुली. आपल्या दफनभूमीची साफसफाई पूर्वी तुम्ही सारे मिळून करीत होता. कोणी कोयता आणी, कोणी कुदळ, बायका चहा आणीत. काम रेंगाळे, गवत अर्धेच निघे, वादही होत. म्हणून २०२१ साली आम्ही ते काम मजुरीने द्यायचे ठरवले. काम एका दिवसात आणि स्वच्छ होऊ लागले. पण आज नोव्हेंबरखेरीज तेथे फारसे कोणी फिरकत नाही. मुलांना आजी-आजोबांची कबर शोधावी लागते. गवत गेले, त्यासोबत माणसेही गेली. हा दोष तुमचा नाही, आमचा आहे. आम्ही सोय पाहिली आणि तुमचा हक्क काढून घेतला.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. हे पापाच्या आधीचे आहे. म्हणजे श्रम ही मुळात शिक्षा नव्हे, ती देवाने माणसावर सोपवलेली आपुलकीची ठेव आहे. आपण जे राखतो ते आपले होते, आणि एकत्र राखताना आपणही एकमेकांचे होतो.

म्हणून यंदा मजूर नकोत. २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. त्याआधीच्या तीन शनिवारी, सकाळच्या मिस्सेनंतर, आपण दफनभूमीत जमू या. काम हळू होईल, चालेल. गवत थोडे राहील, चालेल. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी खुर्ची टाकून बसावे आणि कोणती कबर कोणाची, ते मुलांना सांगावे. पहिला कोयता आम्ही आणू.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू