अपुरे राहिले की अपुरे ठेवले?



मागे गेलेल्या माणसाचे अर्धवट काम दुसऱ्याने पुरे करावे काय? प्रश्न साधा वाटतो, पण आहे मोठा अवघड.

ऑस्ट्रियाचा संगीतकार फ्रान्झ शूबर्ट याने १८२५ साली पियानोसाठी एक सोनाटा, म्हणजे तीन-चार भागांची मोठी वाद्यरचना, लिहायला घेतला. पहिले दोन भाग पूर्ण झाले; तिसरा व चौथा मध्येच थांबले. १८२८ साली, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, शूबर्ट वारला. १८६१ मध्ये ही रचना छापली गेली, तेव्हा प्रकाशकाला वाटले की ही त्याची अखेरची कृती. म्हणून तिला नाव पडले ‘रेलिक्वी’, म्हणजे अवशेष. संतांच्या अवशेषांसाठी ख्रिस्तसभा वापरते तोच हा शब्द.

ती समजूत मात्र चुकीची होती. हे काम बाजूला ठेवल्यावर शूबर्ट तीन वर्षे जगला, आणि त्याच १८२५ मध्ये त्याने दुसरे दोन सोनाटा पुरे केले. मृत्यूने त्याच्या हातून लेखणी काढून घेतली नव्हती. त्यानेच ती खाली ठेवली होती.

पुढे १९२१ साली अर्न्स्ट क्रेनेक या संगीतकाराने राहिलेला भाग स्वतः रचून जोडला. रशियन पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर याने उलट केले. हस्तलिखित जिथे तुटते तिथेच तो थांबे. ऐकणारा अधांतरी राहतो, कानाला ते बोचते. तरीही आमचे मत रिख्टरच्या बाजूने आहे. कृतीचा विचार करताना कर्त्याचा हेतू पाहावा असे तत्त्वज्ञान शिकवते, आणि थांबणे हीसुद्धा कृतीच आहे.

आपल्या बोरी अरबच्या शिवारात पियानो कुठून असणार! पण विहिरी आहेत. समजा, एखाद्या शेतकऱ्याची विहीर अर्धी खोदून राहिली. तो आजाराने गेला म्हणून राहिली, की पाषाण लागल्यावर तो स्वतःच वर आला? मुलाने कुदळ उचलण्यापूर्वी एवढे विचारावे. दोन्ही खड्डे वरून सारखेच दिसतात.

संत थॉमस अक्विनस यांनी १२७३ च्या डिसेंबरात आपला ‘सुम्मा’ हा महाग्रंथ अपुरा सोडून लेखन थांबवले व पुढच्याच मार्चमध्ये ते निवर्तले. शिष्यांनी त्यांच्याच जुन्या लिखाणातून राहिलेला विषय जुळवला, पण ‘पुरवणी’ म्हणून. सांधा झाकला नाही, हे महत्त्वाचे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे तसे नव्हते. प्रभू येशूच्या जीवनावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभले, पण १९१९ साली मृत्यू आडवा आला. ज्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि ६४ अध्याय लिहिले. हा अधिकार त्यांना केवळ पत्नी म्हणून मिळाला, असे आम्हांला वाटत नाही. ती कथा एकट्या टिळकांची नव्हतीच. ती दोघांच्या श्रद्धेची होती. शूबर्टचे सूर मात्र शूबर्टचेच होते. शिवाय लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या नावाआड स्वतःचे अध्याय लपवले नाहीत. त्यांचे किती, आपले किती, हे आजही मोजता येते.

१९३८ साली ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई त्याआधी दोन वर्षे, १९३६ मध्ये, देवाघरी गेल्या होत्या.