येतो

२०२४च्या कोजागिरीला रहिमतपूरच्या घराच्या गच्चीवरून आत्याला धूमकेतू दाखवला. पूर्वेला चंद्र वर आलेला, त्यामुळे आकाश उजळून गेलेलं. पश्चिमेला खाली शुक्र, उजवीकडे स्वाती, आणि दोघांच्या मधे खडूनं ओढून बोटानं पुसल्यासारखी एक रेघ. दुर्बिणीतून ती सापडायला आत्याला दहा मिनिटं लागली. सापडल्यावर तिनं विचारलं, "परत कधी येणार रे हा?"

"ऐंशी हजार वर्षांनी."

"म्हणजे येणार तर," ती म्हणाली आणि दुर्बीण माझ्या हातात दिली.

उत्तर चुकीचं होतं आणि मला ते ठाऊक होतं. आकडा तेव्हा सगळीकडे छापून येत होता, मी तो पुढे सरकवला इतकंच. त्सुचिनशान-ॲटलासची कक्षा जवळजवळ परवलयाकार. अशा कक्षेत गणितातला केसाएवढा फरक परतीच्या काळात लाखो वर्षांचा फरक पाडतो. तो कदाचित कधीच परतणार नाही, हेच प्रामाणिक उत्तर.

या धूमकेतूच्या बाबतीत तशी घाई सगळ्यांनीच केली. ९ जानेवारी २०२३ला चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेनं तो टिपला; पुढची निरीक्षणं आली नाहीत म्हणून तो हरवल्यात जमा झाला. २२ फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलास दुर्बिणीला तो नव्यानं दिसला, मग कळलं की दोन्ही एकच. जुलै २०२४मध्ये झ्डेनेक सेकानिना या धूमकेतूंच्या जाणत्या अभ्यासकानं लिहिलं की हा सूर्याशी पोचण्याआधीच मोडणार, ते अटळ आहे. प्रखरता वाढायची थांबली होती, शेपटीचा आकार विचित्र होता, गतीत गुरुत्वाकर्षणानं न उलगडणारा फरक होता. कारणं पोकळ नव्हती. तरी २७ सप्टेंबरला तो सूर्यापासून सुमारे ५.९ कोटी किलोमीटरवरून धडधाकट निघाला आणि दसऱ्याच्या दिवशी पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवर आला. २०१३च्या आयसॉनचं नेमकं उलटं झालं होतं. त्याला आधीच शतकातला धूमकेतू ठरवून टाकलं, आणि २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना तो विस्कटला.

सेकानिना चुकले, पण खोटं बोलले नाहीत. जे दिसलं त्यावरून अंदाज बांधला आणि नावानिशी छापला. माझ्या ऐंशी हजारांमागे मात्र कसलाच अंदाज नव्हता.

त्या वर्षी जूनमध्ये डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन आत्याबद्दल महिने सांगितले होते. तिला आम्ही सांगितलं नाही. कोजागिरीला त्यांचा आकडा संपत आला होता आणि ती गच्चीचा जिना चढून आली होती. (डॉक्टरांवर राग नाही. तेही सेकानिनांसारखेच.) तिच्यापासून एक आकडा लपवायचा आणि दुसरा खोटा द्यायचा, हे मी तिच्या भल्यासाठी करत होतो असं म्हणायला मला आवडेल. खरं तर "माहीत नाही" एवढं म्हणून तिच्याशेजारी उभं राहणं मला जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी बॅग उचलताना तोंडातून "जातो" निसटलं. "येतो म्हण," ती म्हणाली. लहानपणापासून हेच. पण "येतो" हे कुणी खरं-खोटं तपासत नाही. त्यात भाकीत नसतं. उंबऱ्यात उभ्या माणसाकडे पाठ फिरवण्याआधी केलेली ती एक कृती असते. ज्याला परतीची खात्री नाही, तोही "येतो" म्हणतो, आणि आपण त्याला खोटारडा ठरवत नाही. मी आदल्या रात्री नेमकं हेच धूमकेतूच्या तोंडी घातलं होतं, फक्त वर्षांचा हिशेब लावून. आकडा लावला की तपासणी आलीच.

"येतो," मी म्हणालो. मग तिथेच, चपला घालता घालता सांगितलं, की तो धूमकेतू बहुतेक परत येणार नाही, ऐंशी हजारांचं काही खरं नाही.

"मग काल का सांगितलंस?"

उत्तर नव्हतं. ती रागावली नाही, पण डबा हातात देताना गप्प होती. दुसरा आकडा मी तेव्हाही सांगितला नाही.

नोव्हेंबरात फोनवर तिनं विचारलं, "गेला का रे तो?"

"नुसत्या डोळ्यांना नाही दिसत आता."

"पण आहे ना?"

"आहे."