खंडित काळ आणि अखंड पट : मार्गरीट झोराकच्या उन्हाळ्यांविषयी

अमेरिकन चित्रकर्ती मार्गरीट झोराक (१८८७-१९६८) हिच्या भरतकामांविषयी एक कथा रूढ झालेली आहे. पॅरिसमध्ये फोव्ह चित्रकारांच्या रंगदृष्टीचे संस्कार घेऊन परतलेली आणि १९१३ च्या आर्मरी शोमध्ये स्थान मिळवलेली ही चित्रकर्ती पुढे दोन मुलांची आई झाली. सलग वेळ मिळेनासा झाला. तेव्हा तिने कुंचला ठेवून सुई हाती घेतली, कारण सुईचे काम केव्हाही उचलता येते आणि केव्हाही खाली ठेवता येते. ह्या कथेची पार्श्वभूमी बहुधा ग्रामीण उन्हाळ्याची असते. न्यू यॉर्क सोडून न्यू हॅम्पशरच्या एखाद्या शेतघरात किंवा मेनच्या किनाऱ्यावर आलेले कलावंत कुटुंब, भोवती खेळणारी मुले आणि आईच्या मांडीवरील लिननच्या कापडावर रंगीत लोकरीचे टाके. चित्र मोहक आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ते स्वीकारताना समीक्षा नकळत एक नैतिक निवाडा देऊन मोकळी होते. कलाकृतीच्या रूपाचे श्रेय कलावंताच्या वंचनेला द्यावे काय, आणि ते दिले तर त्या वंचनेचेच समर्थन होत नाही काय, हा तो प्रश्न आहे.

आधी कालक्रम पाहावयास हवा. मार्गरीट थॉम्पसन कॅलिफोर्नियातून १९०८ मध्ये पॅरिसला गेली. तिथे ला पालेत ह्या कलाशाळेत विल्यम झोराकशी तिची ओळख झाली. मात्र १९११-१२ मध्ये ती आपल्या मावशीबरोबर इजिप्त, पॅलेस्टाइन, भारत, ब्रह्मदेश, चीन, जपान असा लांबचा प्रवास करीत मायदेशी परतली आणि १९१२ च्या डिसेंबरात न्यू यॉर्कमध्ये तिचा विल्यमशी विवाह झाला. ‘अॅन इंडियन वेडिंग’ हे तिचे भरतकाम १९१३ चे आहे. तिचा मुलगा टेसिम जन्मला १९१५ मध्ये आणि मुलगी डाह्लोव १९१७ मध्ये. म्हणजे मुलांमुळे सुई हाती आली, हा कार्यकारणभाव तारखांपुढे टिकत नाही. लोकरीच्या धाग्यात जी रंगांची प्रखरता मिळते ती तैलरंगात मिळत नाही, हे तिला अपत्यजन्मापूर्वीच जाणवले होते. आणि ह्या माध्यमातील तिच्या आरंभीच्या कामांपैकी एकाचा विषय प्रवासात पाहिलेला भारत असावा, हीही लक्षणीय गोष्ट आहे. मुलांनी तिला माध्यम दिले नाही. आधीच निवडलेल्या माध्यमाचा एक गुण मुलांमुळे अधिक उपयोगी पडला, इतकेच फार तर म्हणता येईल. शिवाय तिने चित्रकला सोडली, हेही खरे नाही. ती आयुष्यभर रंगवीत राहिली. न्यू हॅम्पशरमधील पीटरबरो येथील टपाल कार्यालयासाठी तिने १९३८ मध्ये भित्तिचित्र केले.

मग ही कथा इतकी सहज का पटते? १९१७ चा उन्हाळा ह्याचे उत्तर देतो. त्या वर्षी झोराक कुटुंब न्यू हॅम्पशरमधील प्लेनफील्ड येथे ‘एको फार्म’ ह्या शेतघरात राहिले होते. तिथे एका जुन्या कपाटाच्या खणाची बटरनट लाकडाची फळी विल्यमच्या हाती आली. छापचित्रासाठी तो ती कोरू लागला आणि कोरता कोरता त्याला लाकडाच्या घनतेचाच मोह पडला. पुढे १९२२ च्या सुमारास त्याने तैलचित्रे करणे थांबवले आणि विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा अमेरिकन शिल्पकार म्हणून तो मान्यता पावला. त्याच उन्हाळ्यात दोन वर्षांच्या मुलाला सांभाळणारी, नोव्हेंबरात पुन्हा आई होणार असलेली मार्गरीटही नव्या माध्यमात काम करीत होती. दोघेही चित्रकार, दोघेही एकाच छपराखाली. चित्रफलकाकडून दुसऱ्या द्रव्याकडे दोघेही वळत होते. परंतु त्याचे वळणे ‘शोध’ म्हणून नोंदले गेले आणि तिचे ‘तडजोड’ म्हणून. त्याला फळी योगायोगाने सापडली. हा योगायोग प्रतिभेचा साक्षीदार ठरला. तिने सुई विचारपूर्वक निवडली. ही निवड मात्र परिस्थितीचा परिणाम ठरली. ह्या विषमतेचे मूळ त्या दोघांच्या संसारात जितके आहे, त्याहून अधिक ते कथा सांगणाऱ्यांच्या मूल्यव्यवस्थेत आहे.

ह्या मूल्यव्यवस्थेची तात्त्विक मांडणी कांटच्या सौंदर्यमीमांसेत आढळते. १७९० च्या ग्रंथात तो कला आणि हस्तव्यवसाय ह्यांत भेद करतो. कला म्हणजे स्वतःच आनंददायक असलेला, जणू क्रीडाच असलेला व्यापार. हस्तव्यवसाय म्हणजे स्वतः कष्टप्रद, केवळ मोबदल्यामुळे आकर्षक ठरणारे काम. ह्या विभागणीत भरतकामाला जागाच नाही. घरात केलेल्या भरतकामाला मोबदला नसतो, म्हणून तो हस्तव्यवसाय नव्हे. आणि ते घरकामाचा भाग मानले जाते, म्हणून ती क्रीडाही नव्हे. रोझसिका पार्करने ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ (१९८४) ह्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, भरतकामाचे कलेपासून तुटणे आणि स्त्रीत्वाचा एक विशिष्ट आदर्श घडणे ह्या दोन प्रक्रिया परस्परांत गुंतलेल्या आहेत. सुई धरलेली स्त्री काही निर्माण करीत आहे असे दिसतच नाही. ती केवळ शांत बसली आहे असे दिसते. ग्रामीण उन्हाळ्याची ती मोहक प्रतिमा ह्याच दृष्टिदोषावर उभी आहे.

‘सुट्टी’ हा शब्दही फसवा आहे. न्यू यॉर्कमधील हातावर पोट असलेल्या कलावंतांना खेड्यातील उन्हाळा परवडत असे, कारण तिथे स्वस्तात राहता येई. अशा घरात पाणी भरणे, बाग लावणे, रांधणे, फळे-भाज्या टिकवून ठेवणे ही कामे शहरापेक्षा वाढतच. १९१६ चा प्रॉव्हिन्सटाउन येथील उन्हाळा निराळा होता. तिथे प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्सच्या नाटकांना झोराक दांपत्याने नेपथ्य पुरवले. युजीन ओनीलचे नाटक प्रथमच रंगभूमीवर आले तेही त्याच उन्हाळ्यात, त्याच मंडळींकडून. परंतु १९२३ मध्ये मेनमधील जॉर्जटाउन बेटावर, रॉबिनहूड येथे घर घेतल्यानंतर प्रतिवर्षीचा उन्हाळा एका शेतीवाडीशी बांधला गेला. ऋतू बदलला की कामाचा प्रकार बदलतो, काम संपत नाही. हे मराठी वाचकाला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

आता त्या कथेतील तथ्यांशाकडे वळता येईल. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये असे सुचवले होते की स्त्रियांच्या ग्रंथांचे रूपच वेगळे असावे लागेल, ते आटोपशीर असावे लागतील, कारण त्यांच्या वाट्याला व्यत्यय कायमच येणार. हा विचार धाडसी आहे, कारण तो रूपाला शरीर आणि दिनक्रम ह्यांच्याशी जोडतो. पण भरतकामाच्या बाबतीत तो उलटा पडतो. मार्गरीटची मोठी भरतकामे आटोपशीर तर नाहीतच, त्यांना वर्षे लागलेली आहेत. तैलरंगात मिसळून ठेवलेला रंग वाळतो, प्रकाश बदलतो, तुटलेले काम पुन्हा त्याच ठिकाणी सापडत नाही. लोकरीचा रंग मात्र धाग्यातच मुरलेला असतो. आज सोडलेला टाका चार दिवसांनी त्याच रंगात पुढे नेता येतो आणि चुकला तर उसवता येतो. म्हणजे व्यत्यय कलाकृतीला लहान करीत नाही, तिला लांबवतो. खंडित काळाचे असंख्य तुकडे एकाच पृष्ठभागावर साठत जातात आणि पाहणाऱ्याला दिसतो तो अखंड पट.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. व्यत्यय सहन होतो तो टाके घालताना; आकृतिबंध मनात आणताना नव्हे. आकृत्यांनी गजबजलेल्या, दृष्टिकोन एकात एक मिसळलेल्या पटाचे आरेखन कापडावर उतरवण्यासाठी, रंगांचे परस्परसंबंध ठरवण्यासाठी सलग, निर्वेध अवधान लागते. आणि ते पोळपाट-लाटणे बाजूला ठेवून मिळालेल्या पाच मिनिटांत लाभत नाही. व्यत्ययातून नवे रूप जन्मले, असे उत्साहाने सांगणारी समीक्षा निर्मितीच्या ह्या पहिल्या टप्प्याकडे डोळेझाक करते. तिला टाके दिसतात, त्यामागचा विचार दिसत नाही. आणि विचार न दिसणे ही तर भरतकामाविषयीची जुनीच अवहेलना आहे. स्तुतीच्या रूपाने ती परत येते, एवढाच फरक.

मराठी समीक्षेला हा पेच अपरिचित नाही. जात्यावरच्या ओवीचे रूप दळणाच्या लयीतून आले, असे सांगताना दळणाच्या कष्टांना काव्याचे उगमस्थान म्हणून गौरवण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. बहिणाबाई चौधरींची कविता घरातली आणि शेतातली कामे करता करता रचली गेली, ती इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. ह्या वस्तुस्थितीतून दोन भिन्न विधाने निघतात. श्रमांच्या लयीने रचनेला आकार दिला, हे वर्णनात्मक विधान आहे. असे श्रम नसते तर अशी कविता नसती, हे विधान वरवर पाहता तसेच वाटते, पण त्यात मूल्यनिर्णय दडलेला आहे. कारण न रचल्या गेलेल्या, न टिपल्या गेलेल्या कवितांचा हिशेब ते मांडत नाही. टिकून राहिलेल्या कृतींवरून परिस्थितीची कूस सुपीक होती असे ठरवणे म्हणजे वाचलेल्यांच्या संख्येवरून बुडालेल्यांविषयी निष्कर्ष काढणे होय.

प्रश्नाची आणखी एक बाजू पती-पत्नीच्या जोडीपुरते पाहिले की दृष्टिआड होते. मार्गरीटचे १९१८ मधील एक चित्र ‘एला मॅडिसन अँड डाह्लोव’ ह्या नावाचे आहे. त्यात झोराकांच्या घरी राहून मुलांची देखभाल करणारी कृष्णवर्णीय स्त्री आणि तिच्याजवळ तान्ही डाह्लोव दिसते. ज्या काळाला मार्गरीटचा ‘मिळालेला वेळ’ म्हटले जाते त्याचा काही भाग दुसऱ्या एका स्त्रीच्या वेळातून आलेला होता. तिचे नाव कलेतिहासात आहे ते केवळ एका शीर्षकात. अॅरिस्टॉटलला अवकाश हे चिंतनाचे अधिष्ठान वाटत होते. तो अवकाश इतरांच्या श्रमांवर उभा आहे, हे त्याला ठाऊक होते आणि त्यात त्याला अडचण वाटत नव्हती. आधुनिक वाचकाला ती वाटते, निदान वाटावयास हवी. मार्गरीटने ती स्त्री रंगवली, आणि शीर्षकात तिचे नाव मुलीच्या नावाआधी घातले. ह्याला कृतज्ञता म्हणावे की निव्वळ सवय, हे चित्रावरून ठरवता येत नाही. परंतु त्या काळातील अनेक चित्रांतील अनामिक दायांशी तुलना केली तर हे नाव घालणे क्षुल्लक ठरत नाही.

अवकाशाचा हाच प्रश्न एका वेगळ्या पातळीवर ‘द फॅमिली ऑफ जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर अॅट सील हार्बर’ ह्या मोठ्या भरतकामात उभा राहतो. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संस्थापिकांपैकी एक असलेल्या अॅबी अॅल्ड्रिच रॉकफेलर हिच्यासाठी मार्गरीटने ते १९२९ ते १९३२ ह्या काळात केले. विषय आहे मेनच्या किनाऱ्यावरील त्या कुटुंबाचा उन्हाळा. एका धनाढ्य कुटुंबाची निवांत सुट्टी चित्रित करण्यासाठी, त्याच राज्यात स्वतःचे उन्हाळे कामात घालवणाऱ्या स्त्रीने महामंदीच्या काळात तीन वर्षे टाके घातले. ह्यात उपरोध शोधणे सोपे आहे आणि तो आहेही. परंतु कांटच्या निकषाने पाहिले तर मोबदल्यासाठी केलेले हे काम कलेतून वगळावे लागेल, आणि मग टिशियनची व्यक्तिचित्रेही वगळावी लागतील. तसे कोणी करीत नाही. मोबदल्याचा आक्षेप फक्त सुईपाशी आठवतो.

हॅना आरेंटने १९५८ मध्ये श्रम आणि निर्मिती ह्यांत जो भेद केला तो येथे अधिक उपयोगी पडतो. श्रमाचे फळ भोगात नाहीसे होते, जसे शिजवलेले अन्न किंवा झाडलेले अंगण. निर्मितीचे फळ जगात टिकते आणि जगाला स्थैर्य देते. रॉबिनहूडच्या घरातील दिवसात ही दोन्ही कामे एकाच स्त्रीचे हात आलटून पालटून करीत होते. आरेंटच्या विवेचनात ह्या दोहोंमधील ये-जा फारशी येत नाही. मार्गरीटच्या दिनक्रमात मात्र ती ये-जा हीच मुख्य गोष्ट होती. तिच्या पटांत घर, मुले, प्राणी, जेवणाचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. जे श्रम दिवसाअखेर मागे काही न ठेवता संपून जात, त्यांचेच विषय टिकाऊ वस्तूत रूपांतरित झालेले आहेत. व्यत्यय आणणाऱ्या गोष्टीच चित्रविषय होऊन बसल्या, असेही म्हणता येईल. पण विषय निवडणे हे परिस्थितीला शरण जाणे नव्हे.

१९१७-२० च्या दरम्यानच्या काही भरतकामांत विल्यमचेही टाके आहेत. शिल्पकार म्हणून पुढे ख्याती पावलेला हा पुरुष त्या उन्हाळ्यांत पत्नीच्या शेजारी बसून कापडावर लोकर भरीत होता. त्यामागे मुलांचे कारण कोणी सांगत नाही, आणि त्याला वेळ मिळत नव्हता म्हणून तो सुईकडे वळला असेही कोणी लिहीत नाही. मार्गरीटची भरतकामे १९२३ मध्ये माँट्रॉस गॅलरीत आणि १९३५ मध्ये ब्रमर गॅलरीत, म्हणजे चित्रांच्या आणि शिल्पांच्याच दालनांत प्रदर्शित झाली; आणि १९५६ मध्ये, साठी उलटल्यावर, ‘आर्ट इन अमेरिका’ ह्या नियतकालिकात तिने ह्या माध्यमाविषयी स्वतः लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते ‘एम्ब्रॉयडरी अॅज आर्ट’. पहिल्या पटानंतर त्रेचाळीस वर्षांनीही तिला हे शीर्षक द्यावे लागले. ‘स्कल्प्चर अॅज आर्ट’ असा लेख लिहिण्याची वेळ विल्यमवर आली नव्हती.